वाचकांचे प्रश्न : पाखाडी बांधायचीये? आधी पावसात जाऊन या

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की रस्ता झाल्यापासून गाडली गेलेली आमच्या वाडीची बंदरावर उतरणारी पाखाडी (उतारावरची चिऱ्यांची, म्हणजे लाल जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची, पायरीवाट) आम्ही बायकांनी परत मोकळी केली आणि आता तिच्यावरून ट्रेकिंगवाली मंडळी पण जातात. तेवढ्यावर एवढी पत्रं नि मेसेज आले की संपादकांनी या महिन्याचं पान मलाच देऊन टाकलं. मी इंजिनिअर वगैरे नाही, चार हंगाम पहार धरलीये एवढंच. पत्रांवरची नावं काढून टाकलीयेत कारण दोघीजणींनी सासूबद्दल पण लिहिलंय.

प्रश्न : आम्ही बचत गटाच्या चौदा जणी. वाडीपासून किनाऱ्याजवळच्या देवळापर्यंत जुनी पाखाडी होती, डांबरी झाली आणि तिकडे कोणी फिरकेना. आता रानमोडी माजलीये, चिरे निखळलेत. सुरुवात कुठून करायची आणि चिरे किती मागवायचे?
(गुहागर तालुका)

उत्तर : चिऱ्यांची ऑर्डर आत्ता देऊ नका, प्लीज. आम्ही नेमकं तेच केलं होतं. पहिल्या वर्षी भात झोडून झाल्यावर ट्रॅक्टरभर चिरे आणले, काम वरून सुरू केलं कारण वर घरं आणि वरच चहा, आणि चाळीस पायऱ्या अशा बसवल्या की बघत रहावं, नारळ फोडला, फोटो काढले, सगळं झालं. जुलैत एका रात्री धो धो पडला. सकाळी छत्री घेऊन बघायला गेले तर पाखाडीवरून घोटाभर लाल पाणी पायरी पायरीनं उड्या मारत चाललेलं, आणि शेवटच्या सहा पायऱ्यांखालची माती निघून चिरे पडायला आलेल्या दातासारखे हलत होते, एक तर पार खाली गडग्याला (दगडी कुंपणाला) जाऊन अडकलेला. तीस किलोच्या आसपास भरतो हो एकेक चिरा. मी तिथेच बसले चिखलात.

तर आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे पाखाडीचा खरा मालक पाणी आहे हे धरून चाला. या पावसाळ्यात काही बांधू नका, फक्त दोन-तीन वेळा भर पावसात पूर्ण वाट उतरून या, हातात फाटक्या साडीच्या चिंध्या घ्या आणि जिथे पाणी बाजूच्या उतारावरून वाटेत घुसतं तिथे लाल चिंधी, जिथे आपणहून बाहेर पडतं तिथे पांढरी, अशा बांधत जा. दिवाळीनंतर जाल तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत असतं आणि काही कळत नाही, तेव्हा या चिंध्याच तुमचा नकाशा.

मग काम करताना दोन गोष्टी. एक म्हणजे मातीची वाट जिथे आहे तिथे तिचा दरीकडचा काठ डोंगराकडच्या काठापेक्षा थोडा खाली ठेवायचा, तीन फूट रुंद वाट असेल तर दोनेक इंच, जास्त नाही, नाहीतर पाय घसरतो. तांब्याभर पाणी ओतून बघा, ते वाटेवरून पुढे न पळता बाजूला उतरलं पाहिजे. दुसरं म्हणजे चढ जास्त असेल तिथे पंधरा-वीस पावलांवर एक चिऱ्यांची ओळ वाटेत तिरपी गाडायची, आडवी नाही तिरपी, बाहेरचं टोक उताराकडे, आणि दोन तृतीयांश चिरा जमिनीत. आडवी टाकलीत तर पाणी तिथे तुंबतं, गाळ साठतो आणि मग वरून जातं. तिरपी असली की धार गपचूप बाहेर पडते. फक्त त्या तोंडाशी पाला साठतो तो मे महिन्यात काढायला विसरू नका, आम्ही एकदा विसरलो, ते जाऊ दे.

नवीन वळण काढायचं असेल तर गवंड्याकडची पाण्याची लेवल नळी आणि दोन बांबू घेऊन चढ मोजा. दहा फूट चालल्यावर एक फूट चढ, इथपर्यंत मातीची वाट टिकते. आणि डोंगराचा जेवढा उतार असेल त्याच्या निम्म्याहून जास्त उतार वाटेला द्यायचा नाही, नाहीतर पाण्याला वाट आणि व्हाळ (ओढा) यातला फरक कळत नाही. तेवढं जमत नसेल तरच पायऱ्या. पायऱ्या खालून वर लावत यायच्या, वरच्या चिऱ्याची पुढची कड खालच्याच्या मागच्या कडेवर बसली पाहिजे, म्हणजे पाण्यानं नुसती माती नेली तरी चिरे एकमेकाला धरून राहतात. आम्ही वरून लावल्या होत्या, त्यामुळे एकही चिरा खालच्यावर बसलेला नव्हता. जांभा खाणीतून काढल्यावर मऊ असतो नि उघड्यावर राहून कडक होतो, त्यामुळे ताजा चिरा टाकीनं तासायला सोपा जातो, पण निखळलेले जुने चिरे फेकू नका, ते नव्यापेक्षा पक्के असतात.

आणि उंची. गवंडी घराच्या जिन्यासारखी पायरी करायला बघेल, त्याला नाही म्हणा. डोक्यावर लाकडाचा भारा किंवा मासळीची पाटी असलेल्या बाईला स्वतःचे पाय दिसत नाहीत, ती पायानं चाचपून उतरते. आमच्या जुन्या पाखाडीचा जो तुकडा शाबूत होता तो मी मोजला तर चढ सहा इंचाच्या आत आणि पायरी एवढी लांब की दोन पावलं टाकून मग पुढची यावी. ज्यांनी ती बांधली त्यांच्या घरातल्या बायकांनी डोक्यावर ओझी वाहिली असणार. ट्रेकर लोकांच्या गुडघ्यांना पण हेच माप बरं पडतं.

प्रश्न : ताई, आमच्याकडे पाणंद म्हणतत. आम्ही साफ करूक गेलव तर गावातले पुरुष हसतत, ‘ह्या काय बायकांचा काम नाय’ आणि सरपंच म्हणता जेसीबी आणून एका दिवसात करून टाकू, वर काँक्रीट घालू. काय करूचा?
(कुडाळ तालुका)

उत्तर : हसूदेत. हसणारे दुसऱ्या हंगामात पहार घेऊन येतात, माझा अनुभव आहे, आणि मग सल्लेच एवढे देतात की हसत होते तेच बरं होतं असं वाटतं.

जेसीबीचं मात्र सिरियसली घ्या. पाणंदीच्या दोन्ही बाजूंना गडगे असतात, ते सुके रचलेले असतात, त्यातून पाणी झिरपतं म्हणून ते पावसाळ्यामागून पावसाळे उभे राहतात. जेसीबीला आत जायला जागा लागते म्हणून आधी गडगा जातो, मग उताराची कड कापली जाते, आणि एकदा उभी कापलेली लाल माती पावसात सुटायला लागली की ती दरवर्षी वाटेत येते. काँक्रीटवर पहिल्या दोन पावसात शेवाळ धरतं आणि मग शाळेतली पोरं आपटतात. जांभ्यावर पण शेवाळ येतं, पण त्याला टाकी मारून आडव्या रेघा पाडता येतात, पाय धरतो. तुम्ही सरपंचांना एवढंच विचारा की काँक्रीट फुटल्यावर दुरुस्त कोण करणार, कारण निखळलेला चिरा आपण दोघी मिळून परत बसवू शकतो, काँक्रीटसाठी परत जेसीबीच.

शेतमालाची गाडी जायची पाणंद असेल तर गोष्ट वेगळी, मातोश्री पाणंद रस्ते योजना २०२१ साली त्यासाठीच आली, तिथे अडून बसू नका. पण चालायची वाट चालायचीच ठेवायची असेल तर ते कागदावर आणा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, बऱ्याच गावात ती नुसती सह्यांपुरती होते, ती खरोखर घ्या आणि ठराव लिहून घ्या, त्यात ‘पायवाट’, ‘जांभा दगड’ आणि ‘यंत्राचा वापर नाही’ हे तिन्ही शब्द हवेत. आमच्या पहिल्या ठरावात नुसतं ‘रस्ता दुरुस्ती’ लिहिलं होतं आणि त्याचं पुढे काय काय झालं ते विचारू नका.

प्रश्न : माझी भाची सिएटलला असते, ती सुट्टीच्या दिवशी डोंगरात वाटा दुरुस्त करायला जाते आणि त्यांच्यात फक्त बायकांच्या तुकड्या असतात म्हणे. हे मुद्दाम पुरुषांना वगळणं मला पटत नाही. तुमचं मत?
(चिपळूण)

उत्तर : भाचीचं खरं आहे. तिकडे वाटा राखायचं काम बऱ्याच अंशी स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं, अ‍ॅपलेशियन ट्रेल म्हणून साडेतीन हजार किलोमीटरची वाट आहे, १९३७ साली पूर्ण झाली, ती आजही हौशी क्लब आपापले तुकडे वाटून घेऊन सांभाळतात. सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे तिथली वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशन फक्त बायकांच्या तुकड्या काढते. भाचीला विचारा तिनं पुलास्की धरलीये का, एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं पातं असलेलं हत्यार, एड पुलास्की नावाच्या वनखात्यातल्या माणसाच्या नावावरून. मला एक पाहिजे आहे.

आता पटण्याचं. पहिल्या हंगामात आमच्यात तीन पुरुष होते, चांगले होते, एक तर माझा सख्खा दीर. पण सकाळी हत्यारं वाटली की पहार आणि टिकाव आपोआप त्यांच्या हातात आणि घमेलं आपोआप आमच्या डोक्यावर, कोणी ठरवलेलं नाही हो, आमचेच हात घमेल्याकडे जायचे. म्हणजे चिरा कुठे बसणार हे ते ठरवणार आणि आम्ही माती वाहणार. दुसऱ्या वर्षी फक्त बायका होतो तेव्हा पहिले दोन दिवस पहार कशी टेकवायची, ओठंगण म्हणजे टेकू म्हणून दगड कुठे ठेवायचा यावरच वाद झाले, एकीची बोटं चेंगरता चेंगरता वाचली, आणि तिसऱ्या दिवशी साठीच्या एका काकूंनी एकटीनं चिरा उलटवला. आता दीर परत येतात, पहार मागून घेतात. वगळायचं कोणाला नव्हतंच.

भाचीकडून एक गोष्ट मात्र जरूर शिका, टिकाव चालवणारीपासून दुसरीनं दहा फूट लांब रहायचं, आणि जवळून जायचं असेल तर आधी हाक मारायची आणि तिनं हत्यार खाली टेकवल्यावरच जायचं. आपल्याकडे भातलावणीला खांद्याला खांदा लावून वाकायची सवय, आणि गप्पा मारायच्या तर जवळच यावं लागतं ना.

प्रश्न : वाट एका कलमांच्या बागेतून जाते. मालक मुंबईला. त्यांनी तारेचं कुंपण घातलंय, म्हणतात सातबारावर वाट नाही. पूर्वीपासून सगळे तिथूनच जायचे.
(देवगड तालुका)

उत्तर : आधी फोन करा आणि भांडणाच्या आवाजात नको. बहुतेकांना भीती आंब्याची असते, मार्च ते मे तुमचे ट्रेकर तिथून जाणार नाहीत आणि फाटक लावून घेतलं जाईल एवढं लिहून दिलंत तर निम्मे तयार होतात.

नाही झाले तर गावनकाशा काढा, बऱ्याच जुन्या वाटा त्यात तुटक रेघेनं दाखवलेल्या असतात, सातबारावर नसल्या तरी. असलेली वहिवाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणून कुंपण कधी घातलं ती तारीख आत्ता लिहून ठेवा. बांधावरून शेतात जायला वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. दोन्ही कायदे शेतीच्या वापरासाठी आहेत, ‘ट्रेकर लोकांना जायचंय’ म्हणून अर्ज केलात तर हसतील. ज्यांची शेतं पलीकडे आहेत त्यांनी अर्ज करायचा.

राखीव जंगलात मात्र फांदीसुद्धा वनखात्याला विचारल्याशिवाय तोडू नका, १९२७ चा वन कायदा त्याला गुन्हाच म्हणतो. आणि केंद्र संरक्षित किल्ल्यापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम चालत नाही, त्यापुढे २०० मीटर परवानगीनं. विजयदुर्ग तुमच्याच तालुक्यात, म्हणून सांगितलं.

प्रश्न : आम्ही मुंबईच्या बारा ट्रेकर मैत्रिणी. दोन दिवस येऊन तुमच्यासारख्या गटाला हातभार लावायची इच्छा आहे. कधी येऊ?
(डोंबिवली)

उत्तर : या ना. डिसेंबरात या. ऑक्टोबरात कापणी असते, फेब्रुवारीपासून काजू, मग शिमगा, मग आंबा, आणि तेव्हा आलात तर गावातली बाई तुमच्यासाठी वेळ काढेल कारण तिला नाही म्हणता येत नाही, आणि रात्री काजू सोलत बसेल.

मुक्कामाचे आणि जेवणाचे पैसे द्या, ‘आम्ही श्रमदान करतोय’ म्हणून फुकट जेवू नका, बारा जणींची भाकरी थापणं हेही श्रमच आहेत. संडासाची सोय आधी विचारा, लाजू नका, दिवसभर पाणी न पिता उन्हात काम करणाऱ्या मुली मी बघितल्यात कारण मागे जायला आडोसा नाही, आणि पाळी आली म्हणून ऐनवेळी गायब झालेल्या पण. आम्ही आता एका कोपऱ्यात चार बांबूंना साडी गुंडाळतो, बादली, साबण, कागदी पिशव्या ठेवतो, संपला विषय. आणि काम गावातली सांगेल ते. मागच्या वर्षी एका ग्रुपनं एका दुपारीत झाडांना पन्नास रंगीत बाण मारले, वाट एकच, फाटाच नाही, बाण कशाला?

प्रश्न : साप-विंचवाचं काय?
(संगमेश्वर तालुका)

उत्तर : आहेतच. रत्नागिरीत फुरसं हा विषारी साप म्हणजे घरातलाच विषय, हातभरही नसतं आणि दिवसा दगडाखालीच बसतं, आणि आपण दिवसभर दगडच उलटवतो. दगडाखाली बोटं घालायची नाहीत, आधी पहार. पलीकडची कड आपल्याकडे उचलायची, म्हणजे दगड आपल्या आणि त्याच्या मध्ये राहतो. पायात बूट, चप्पल नाही, यावर आमच्यात सगळ्यात जास्त भांडणं झालीत. चावलंच तर दोरी बांधू नका, ब्लेडनं कापू नका, हातपाय न हलवता झोपवून थेट दवाखाना, १०८ ला फोन. काम सुरू करायच्या आदल्या दिवशीच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सापाची लस शिल्लक आहे का ते विचारून ठेवा.

लाल विंचवाचं, दुखणं राहू दे पण दरदरून घाम सुटला आणि हातपाय गार पडले तर मंत्र-पाला करत बसू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या गोळीनं यातले लोक वाचतात हे दाखवून दिलंय, डॉक्टरांना माहीत असतं, फक्त वेळेत पोचा.

माझा स्वतःचा शत्रू खाजकुयली. डिसेंबर-जानेवारीत शेंगा वाळतात, वर सोनेरी मखमल, एक वेल ओढला की ती मखमल हवेत, आणि मग घामेजल्या मानेवर. चोळायचं नाही, कितीही वाटलं तरी. चिकटपट्टी लावून ओढून काढायची, म्हणून आमच्या पेटीत बँडेजपेक्षा चिकटपट्टीच जास्त असते. वेल दिसला की वारा कुठून आहे ते बघा आणि मगच कोयती लावा.

प्रश्न : आमची वाट सड्यावरून (माथ्यावरच्या उघड्या कातळावरून) जाते, तिथे कातळशिल्पं पण आहेत. वाट दाखवायला ऑइलपेंटनं खुणा करू का?
(राजापूर तालुका)

उत्तर : नको! तुमच्याकडची बारसू, देवीहसोळ, कशेळी ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत आणि सड्यावर अजून किती गवताखाली आहेत कोण जाणे. रंग नको आणि तिथलेच दगड उचलून ढीग रचणं पण नको, कारण तो दगड कशाचा भाग आहे ते आपल्याला कळत नाही. चिऱ्याचे तुकडे गावातून न्या, ते वाटेच्या कडेला दूर दूर ठेवा, बास.

प्रश्न : वय ६७, गुडघे गेलेत. सून जाते कामाला, मला पण जावंसं वाटतं. माझा काय उपयोग?
(दापोली तालुका)

उत्तर : काकू, आमच्या पाखाडीत वीस फुटांचा एक तुकडा होता, दरवर्षी वाहून जायचा, काही केलं तरी. तिसऱ्या वर्षी शेजारच्या आजींना खुर्चीत बसवून चौघींनी उचलून तिथे नेलं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, अगं हितं मोरी होती, माझ्या लग्नात पालखी अडकली होती तिच्यात. खणलं तर दीड फुटावर चिऱ्यांची मोरी निघाली, पाणी वाटेखालून पलीकडे काढणारी, मातीनं भरलेली, वरचा आडवा दगड अजून जागेवर. ती उपसली, त्या वर्षी तो तुकडा राहिला.

सुनेला सांगा पुढच्या रविवारी खुर्ची घ्यायला. आणि टोपी घाला, डिसेंबरचं ऊन पण लागतं.